सुभेदारांचा पस्तीस वर्षांचा अनुभव

उंब्रजला हायवे सोडून आत वळलं की तीनेक किलोमीटरवर सुभेदार नानासो जगदाळे यांचा मळा लागतो. वाटेत कुणाला विचारलं तर लोक "राहीकाकीचा मळा व्हय?" असं म्हणून हात करतात. पण हे नानासोंच्या कानावर कधी गेलं नव्हतं. स्वतःच्या मळ्याचा पत्ता माणूस दुसऱ्याला कशाला विचारेल?

नानासो अठ्ठावीस वर्षं फौजेत होते. वर्षाकाठी दोन महिने सुट्टीवर यायचे, तेव्हा मळ्यातही जायचे, पण कामाला नाही, मुआयना करायला. हात पाठीमागं बांधून बांधाबांधानं एक फेरी काढायची, "इथं पाणी कमी पडलंय", "तिकडं तण माजलंय" असे दोन-चार शेरे द्यायचे आणि चहाला घरी परतायचं. तण राहीबाईला चार दिवस आधीच दिसलेलं असायचं. तरी ती "व्हय, काढते" एवढंच म्हणायची. फौजेतून उतरल्यावर दहा वर्षं ते शिरवळला एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षा अधिकारी होते. तिथं आठवड्याला सुट्टी मिळे, म्हणून मुआयना आठवड्याला होऊ लागला. तीन वर्षांपूर्वी ते कायमचे घरी आले आणि तो रोजचा झाला. राहीबाईचं शेतातलं काम त्यानं कमी झालं नाही. सकाळी एक चहा मात्र बांधावर नेऊन द्यावा लागू लागला.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. दारूच्या वाटेला गेला नाही, बायकोला कधी वेडंवाकडं बोलला नाही, पेन्शनीतून बोअर मारली, गोठ्यावर पत्रा घातला. एकच खोड होती. जिथं उभं राहील तिथं आपणच प्रमुख आहोत असं त्याला मनापासून वाटे. अठ्ठावीस वर्षं लोकांनी सॅल्यूट केल्यावर ही सवय अंगात मुरायचीच.

अशा माणसाकडं सातारच्या एका इंग्रजी शाळेच्या मुख्याध्यापिका चारुशीला मॅडम आल्या, तेव्हा त्यांना जे हवं होतं ते गेटवरच भेटलं. नव्या धोरणाप्रमाणं मुलांना प्रत्यक्ष अनुभव द्यायचा होता. मुलं मातीत हात घालणार, रोप लावणार, महिना-दीड महिन्यानं परत येऊन तेच रोप वाढलेलं बघणार, दूध कुठून येतं ते डोळ्यांनी पाहणार. मॅडमनी याआधी दोन-तीन मळे पाहिले होते. एका ठिकाणी शेतकरी बोलेना, दुसऱ्या ठिकाणी बोलायचा थांबेना. नानासो कडक इस्त्रीच्या शर्टात, मिशा वळवून, ताठ उभे होते आणि नेमकं बोलत होते. मॅडमना माणूस आवडला.

त्यांनी एक फॉर्म पुढं केला. शेतकऱ्याचं नाव, शेतीचा अनुभव, घरातली माणसं आणि त्यांचा व्यवसाय. नानासोंनी खिशातलं पेन काढून ठळक अक्षरांत लिहिलं. नाव: सुभेदार नानासो जगदाळे (निवृत्त). अनुभव: पस्तीस वर्षे. हा आकडा त्यांनी हवेतून काढला नव्हता. त्यांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि तेवढी वर्षं शेत बिनबोभाट पिकत होतं. पुढच्या ओळीत लिहिलं, पत्नी: सौ. राहीबाई. आणि व्यवसायाच्या चौकटीत, जे आजवर ते प्रत्येक फॉर्मवर आणि प्रत्येक पाहुण्याला सांगत आले होते तेच लिहिलं. काही नाही.

राहीबाई तेव्हा मॅडमसाठी चहा घेऊन उभी होती. सकाळपासून तिनं म्हशीची धार काढली होती, उसाला पाणी पाजलं होतं, घेवडा बडवून वाळत घातला होता आणि कांद्याच्या तरूला, म्हणजे लावायच्या रोपांच्या वाफ्याला, पाणी दिलं होतं. चहा गोड झालाय का, एवढं तिनं विचारलं.

जाताना मॅडम म्हणाल्या, "तुमच्या माहितीचा एक फ्लेक्स गेटवर असला तर मुलांना वाचता येईल. तेवढा तुम्हीच करून घ्याल का?"

नानासोंना काम मिळालं. ते दुसऱ्याच दिवशी उंब्रजला गेले, फ्लेक्सवाल्याला आपला वर्दीतला, छातीवर पदकं लावलेला फोटो दिला आणि माहितीसाठी फॉर्मची झेरॉक्स हातात ठेवली. फ्लेक्सवाले विचार करत नाहीत. त्यानं होतं ते सगळं छापलं. मधोमध नानासो, चेहरा परातीएवढा, आणि खाली क्रमानं सगळी माहिती. गेटवर तो बांधून झाल्यावर नानासो रस्त्याच्या पलीकडं जाऊन दहा मिनिटं बघत राहिले. पण बघत होते ते फोटो. खालच्या ओळीपर्यंत त्यांची नजर गेली नाही.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी दोन बस आल्या. चौथीची बहात्तर मुलं, पांढरे बूट, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. नानासोंनी शिट्टी वाजवून त्यांना तीन-तीनच्या रांगेत उभं केलं, दाहिने-बाये करवलं आणि अन्नदात्याचं देशातलं स्थान या विषयावर पंचवीस मिनिटं माइकवर भाषण केलं. मुलं मुकाट ऐकत होती. मग प्रश्नांना सुरुवात झाली, आणि सौमित्र नावाच्या चष्मेवाल्या मुलानं विचारलं, "सर, आज लावला तर कांदा किती दिवसांनी काढायचा?"

"त्याचं असं आहे बेटा," नानासो म्हणाले, आणि थांबले. त्यांची नजर हळूच चुलीकडं गेली.

"चार महिनं," राहीबाई भाकरी थापता थापता बोलली.

"चार महिने," नानासोंनी माइकवर सांगितलं.

"आणि पाणी किती दिवसांनी?"

"जमीन बघून. आठ-धा दिसांनी," चुलीकडून आवाज आला.

"जमीन पाहून, आठ ते दहा दिवसांनी," माइकवर आलं. चुलीपाशी बोललेलं माइकवरून शुद्ध होऊन बाहेर पडत होतं. त्या दिवशी मुलांनी एकोणीस प्रश्न विचारले आणि नानासोंनी एकोणीसही उत्तरं दिली. त्यातली दोन त्यांची स्वतःची होती. एक मळा किती एकर आहे याचं, आणि दुसरं पदकं कशाची आहेत याचं.

मग राहीबाईनं हात धुतले, हिरव्या लुगड्याला पुसले, प्रत्येक मुलाला कांद्याचं एक-एक रोप दिलं आणि ओल्या सरीत बोटानं भोक पाडून ते कसं बसवायचं ते दाखवलं. नानासो शिट्टी घेऊन बांधावर होते. मुलांनी रोपाशेजारी आपापल्या नावाची आइस्क्रीमची काडी रोवली. पांढरे बूट तपकिरी झाले. एक मुलगा रडला, कारण त्याला गांडूळ दिसलं, आणि थोड्या वेळानं परत रडला, कारण ते गांडूळ दुसऱ्यानं घेतलं. धारेच्या वेळी राहीबाई म्हशीखाली बसली, गंगी नावाच्या त्या म्हशीशी काहीतरी पुटपुटली, आणि चरवीत फेस चढत गेला. बहात्तर मुलं श्वास रोखून बघत होती.

जेवण झाल्यावर सगळी बसकडं निघाली तेव्हा स्वानंदी नावाची एक मुलगी गेटवर मागं राहिली. शाळा इंग्रजी, त्यामुळं मराठी वाचायला तिला वेळ लागायचा, पण दिसेल ते वाचायची तिला हौस होती. बोट फिरवत ती फ्लेक्स मोठ्यानं वाचू लागली. राहीबाई तिची विसरलेली टोपी द्यायला मागून आली होती.

"पत्नी. सौ. राहीबाई. व्यवसाय. काही… नाही." स्वानंदीनं वळून विचारलं, "आजी, ही राहीबाई कोण?"

राहीबाई चौथीपर्यंत शिकलेली होती. तिनंही ती ओळ एकदा सावकाश वाचली.

"हाय एक," ती म्हणाली. "काय करत न्हाई ती." आणि टोपी पोरीच्या डोक्यावर ठेवून घरात गेली.

संध्याकाळी उन्हं उतरताना नानासोंना ती कांद्याच्या सरीत वाकलेली दिसली. तासभर ती एका काडीपासून दुसऱ्या काडीपर्यंत सरकत होती. "काय हरवलं काय गं?" त्यांनी बांधावरून विचारलं. "न्हाई, सापडतंय," ती म्हणाली. नानासो समाधानानं आत गेले. दिवस फत्ते झाला होता.

दुसरी भेट जानेवारीच्या दुसऱ्या गुरुवारी होती. वेळापत्रक शाळेनं आधीच पाठवलं होतं, आणि नानासोंनी ते गोठ्याच्या खांबाला चिकटवलं होतं. दहा वाजता आगमन. सव्वादहाला रोपांचं निरीक्षण. अकराला दूध काढण्याचं प्रात्यक्षिक. या वेळी चार-पाच पालक येणार होते आणि चारुशीला मॅडम निकाल लावणार होत्या, की पुढं दरवर्षी शाळेच्या सगळ्या वर्गांना इथंच आणायचं का. नानासोंना ते फार हवं होतं. का हवं होतं हे ते कुणाजवळ बोलले नव्हते, पण शिरवळची नोकरी सुटल्यापासून त्यांना कुणी कामासाठी म्हणून बोलावलं नव्हतं. सकाळी उठून इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि कुठंच जायचं नाही, असं तीन वर्षं चाललं होतं.

बुधवारी दुपारी राहीबाईनं पिशवी भरली.

"तानूकडं जाते तासगावला," ती म्हणाली. तानुबाई म्हणजे तिची धाकटी बहीण.

"आगं, उद्या शाळा हाय."

"हाय की. भाकरीचं शेजारच्या रंगुबाईला सांगितलंय. पिठलं ती करंल."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं काय असतंय?" तिनं शांतपणं विचारलं. "तुमी हाय न्हवं. पस्तीस वर्षांचा अनुभव हाय." आणि ती कराडच्या एसटीला गेली.

नानासोंना या बोलण्यात काही खटकलं नाही. उलट बायकोचा आपल्यावर विश्वास आहे याचं त्यांना बरंच वाटलं.

त्या संध्याकाळी गंगीनं त्यांना कासेजवळ येऊ दिलं नाही. त्यांनी आंबोण पुढं ठेवलं, ते तिनं शांतपणं खाल्लं, आणि चरवी घेऊन ते बसले तशी लाथेनं चरवी उडवली. थंडीचा परिणाम असावा असं त्यांनी ठरवलं. सकाळी परत बसले. या वेळी तिनं शेपटीचा फटका मिशांवर मारला. रेडकू सोडून पाहिलं, पण ते आता मोठं झालेलं, त्याला दुधापेक्षा कडब्यात रस. मग त्यांनी गंगीला हुकूम दिला. "गंगी, सीधी खडी रह." सियाचिनला पोरं या आवाजानं जागच्या जागी गोठायची. गंगीनं कान मागं टाकले आणि पान्हा आणखी वर चोरला.

दहा वाजता बस आल्या. मुलं थेट कांद्याकडं धावली. आपापल्या नावाच्या काड्या शोधताना एकच गलका उडाला. बहात्तर काड्या आणि बहात्तर रोपं, एकही मेलेलं नाही. सगळी वीतभर उंच, हिरवीगार, ओळीत. पालक थक्क झाले. चारुशीला मॅडम म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या हातची लागण शंभर टक्के जगली, हे मी पहिल्यांदा पाहते."

"शिस्त," नानासो म्हणाले. "पहिल्या दिवशी शिस्त लावली की पुढं सगळं सरळ होतं."

स्वानंदी तिच्या काडीपाशी उकिडवी बसून होती. तिचा चेहरा काही खूष दिसेना.

"काय बेटा, चांगलं आलंय की तुझं."

"माझं नाही हे," ती म्हणाली. "म्हणजे माझंच आहे. पण मी उलटं लावलं होतं. मुळं वर, पानं खाली. बसमध्ये बसल्यावर मला आठवलं. मी घरी जाऊन खूप रडले. आता ते सरळ आहे."

"मग झालं की."

"पण सरळ कुणी केलं?"

नानासोंनी वाकून रोपाकडं पाहिलं. त्या संध्याकाळी सरीत वाकलेली राहीबाई त्यांच्या डोळ्यांपुढं आली. तासभर. काडीपासून काडीपर्यंत. शिस्त लावून झाल्यावर तिनं एक-एक रोप उपसून परत लावलं होतं आणि प्रत्येकाशेजारी त्याच्याच नावाची काडी ठेवली होती. त्यांनी सवयीनं चुलीकडं पाहिलं. तिथं रंगुबाई पिठलं घोटत होती, तिला कांद्यातलं काही विचारण्यात अर्थ नव्हता.

अकराला दहा मिनिटं होती. गोठ्यातून गंगीचं रेकणं ऐकू येत होतं. कालपासून दोन धारा चुकलेल्या, कास दगडासारखी घट्ट झालेली, मागचे पाय ती सारखे बदलत होती. म्हैस मुलांसमोर नाचवायची वस्तू नाही, तिला दुखतंय, हे नानासोंना त्या क्षणी कळलं, आणि हे कळायला आपल्याला इतका वेळ लागला याचं त्यांना वाईटही वाटलं. ते गोठ्यामागं गेले आणि तासगावला फोन लावला.

"गंगी दूध देईना," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"आसं?" पलीकडून राहीबाई म्हणाली. मागं तानुबाईच्या घरातला टीव्ही चालू होता.

"काय करू?"

"मी काय सांगणार? मी काय करतच न्हाई. गेटावर लिवलंय तसं."

नानासोंनी मान वर केली. गोठ्याच्या आडून त्यांना फ्लेक्सची मागची बाजू दिसत होती. उन्हामुळं अक्षरं उलटी उमटली होती, पण शेवटची ओळ आता त्यांना वाचता आली. महिनाभर ती तिथं होती. तिच्याखालून राहीबाई रोज दुधाची किटली घेऊन डेअरीत गेली होती.

"राही," ते म्हणाले, आणि पुढं काय बोलायचं ते त्यांना सुचेना. फौजेत चूक झाली की त्याचा एक ठरलेला फॉर्म असतो, तो भरला की झालं. इथं ते आधीच एक फॉर्म भरून बसले होते.

मग राहीबाईच बोलली, पण गंगीसाठी. "लय रेकती का? कास लाल झालीया?"

"व्हय."

"वलनीवर माझं हिरवं लुगडं हाय. न धुतलेलं. ते नेसा, डोक्यावरनं पदर घ्या. डाव्या अंगानं बसा. आन् बोलू नका. तुमचा आवाज ऐकला की ती बिथारती. मी बसताना 'ये गं माजी बाय' म्हनते, तेवढंच म्हना. हळू."

"आगं, पोरं हायती. मॅडम हायत्या. पालक आल्यात."

"मग त्यास्नी दावायला दूध नगं का?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सुभेदार नानासो जगदाळे यांनी आयुष्यात तीन वेळा गोळीबाराला तोंड दिलं होतं. त्या तिन्ही वेळी विचार करायला सवड मिळाली नव्हती, आणि तेच बरं होतं. इथं कपड्यांच्या वलणीपाशी ते दोन मिनिटं उभे राहिले. लुगड्याला शेणाचा, धुराचा आणि दुधाचा वास येत होता. पस्तीस वर्षांत आपण हे एकदाही हातात घेतलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग गंगी पुन्हा रेकली. त्यांनी इस्त्रीच्या पँटवरून लुगडं गुंडाळलं, खांद्यावरून आणलं, डोक्यावर पदर ओढला. मिशा तेवढ्या बाहेर राहिल्या.

ते गोठ्याच्या पुढच्या दाराशी आले तोच बांधावरून बिराप्पा मेंढपाळानं हाक मारली. त्याला पाठ दिसत होती. "वैनी, येत्या सोमवारी खताला मेंढरं कुठल्या रानात बसवायची?"

नानासोंना बिराप्पा दरवर्षी मळ्यात मेंढरं बसवतो हे माहीत होतं. कुठं बसवतो आणि तिथंच का, हे माहीत नव्हतं. ते सावकाश वळले. बिराप्पा त्यांच्याकडं आणि ते बिराप्पाकडं बघत राहिले.

"ती आली की तिलाच विचार," नानासो म्हणाले. बिराप्पा मान हलवून निघून गेला. त्यानं ते गावात कुणालाही सांगितलं नाही, पण त्यासाठी त्याला फार त्रास पडला असणार.

गोठ्यात बहात्तर मुलं अर्धवर्तुळात उभी होती. लुगडं नेसलेला, मिशावाला माणूस आत आला तेव्हा पालकांतल्या एकानं मोबाइल वर केला आणि चारुशीला मॅडमनी त्याच्या हातावर हात ठेवून तो खाली केला. मुलं हसली नाहीत. मुलांना वाटलं, दूध काढायचा हाच गणवेश असणार. सौमित्रनं वहीत टिपण करून विचारलंसुद्धा, "मॅडम, शेतात प्रत्येक कामाला वेगळा युनिफॉर्म असतो का?"

नानासो डाव्या अंगानं बसले. गंगीनं मान वळवून पदर हुंगला, एकदा, मग परत. त्यांनी कासेला पाणी लावलं, आणि ज्या आवाजात ते आयुष्यभर कुणाशीच बोलले नव्हते त्या आवाजात म्हणाले, "ये गं माजी बाय." गंगीच्या पाठीवरची कातडी एकदा थरथरली. मग तिनं पान्हा सोडला.

पहिली धार चरवीच्या तळाला लागून वाजली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी बोट ओठांवर ठेवून त्यांना गप्प केलं. नानासो मान खाली घालून धार काढत राहिले. त्यांना धार काढता येत होती, लहानपणी आईनं शिकवली होती. हात विसरले नव्हते. पण म्हशीनं त्यांच्या हाताला दाद दिली नव्हती, लुगड्याला दिली होती, आणि हे त्या गोठ्यात फक्त त्यांना आणि गंगीलाच माहीत होतं.

राहीबाई शनिवारी परत आली. तिनं कास तपासली, "बरी हाय" म्हणाली. कडबा झाकायला ताडपत्री कमी पडत होती म्हणून नानासोंनी गेटवरचा फ्लेक्स सोडून आणला, आणि छापील बाजू खाली करून गंजीवर टाकला. राहीबाईनं त्यावर चार दगड ठेवले.

फेब्रुवारीच्या शेवटी शाळेकडून एक पाकीट आलं. आत नानासोंच्या नावाचं, सोनेरी किनारीचं मानपत्र होतं, पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांना आणण्याबद्दल पत्र होतं, आणि मुलांनी लिहिलेल्या निबंधांची, चित्रांची एक बांधीव वही. सगळं इंग्रजीत. राहीबाई ओसरीत घेवड्याचं बियाणं निवडत बसली होती. नानासो चष्मा लावून खुर्चीत बसले आणि एक-एक पान वाचून तिला मराठीत सांगू लागले. सुभेदार फार शिस्तीचे आहेत. सुभेदारांनी भाषण केलं. सुभेदारांच्या मिशा मोठ्या आहेत. पिठलं तिखट होतं. गांडूळ माझं होतं.

मग स्वानंदीचं पान आलं. पानावर दोन चित्रं होती. एकात हिरव्या लुगड्यातली बाई कांद्याच्या ओळीत वाकलेली. दुसऱ्यात त्याच हिरव्या लुगड्यातला मिशावाला माणूस म्हशीजवळ बसलेला. खाली चार-पाच ओळी. नानासोंनी त्या मनात वाचल्या आणि चष्मा काढून पुसला.

"काय लिवलंय?" राहीबाईनं विचारलं.

तिला इंग्रजी येत नव्हतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. "छान लिहिलंय" एवढं म्हणून पान उलटता आलं असतं, आणि पुढच्या पानावर पुन्हा सुभेदारांच्या मिशा होत्या. नानासोंचा अंगठा पानाच्या कोपऱ्यावर होता. त्यांनी तो काढून घेतला.

"लिहिलंय," ते म्हणाले, "दुसऱ्या वेळी आम्ही गेलो तेव्हा शेतकरी गावाला गेल्या होत्या. त्यामुळे त्यांचे मिस्टर भेटले. ते स्वभावानं चांगले आहेत. म्हशीला शेतकऱ्यांची आठवण येऊ नये म्हणून ते त्यांची साडी नेसले." त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "गेटवरचा बोर्ड माझ्या कांद्यासारखा उलटा लावला होता. कांदा शेतकऱ्यांनी सरळ केला. बोर्ड पण कुणीतरी सरळ करायला हवा."

राहीबाईचे हात सुपात थांबले होते. तिनं एक किडका दाणा उचलून बाजूला टाकला. मग दुसरा उचलला, तो चांगलाच होता, तोही टाकला.

"परत वाचा," ती म्हणाली. "रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला. ऐकायला न्हाई आलं."

ट्रॅक्टर कुठलाच गेला नव्हता. नानासोंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला सुरुवात केली.